कोरडा दिसणारा ओटा

महाराष्ट्रात दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) यांवर ठरतो. गाईच्या दुधासाठी ३.५ आणि ८.५ हे आकडे गोठ्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. फॅट एका पॉइंटनं, म्हणजे ०.१ नं खाली आली की दरात कपात होते, आणि मग डेअरीच्या दारात आवाज चढतात. अशा वेळी ज्या तपासणीचा शब्द अखेरचा मानतात ती गर्बर पद्धत. आता गावोगावच्या संकलन केंद्रांवर इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली आहेत, मिनिटभरात पावती हातात देतात. पण ते यंत्र खरं बोलतंय का, हे पडताळायचं तर पुन्हा गर्बरकडेच यावं लागतं. निक्लाउस गर्बर या स्विस माणसानं १८९०च्या दशकात बसवलेली ही पद्धत अजून टिकून आहे, कारण ती स्वस्त आहे आणि चोख आहे. तिला लागतं मात्र सल्फ्युरिक ॲसिड, तेही जवळजवळ ९० टक्क्यांचं.

बी.एस्सी. होऊन मी एका दूध संघाच्या लॅबमध्ये लागले तेव्हा फॅट काढायला महिनाभरात शिकले. ब्युटिरोमीटर नावाची जाड काचेची नळी असते, तिचा गळा बारीक आणि त्यावर रेघा. तिच्यात आधी १० मिली ॲसिड, मग १०.७५ मिली दूध कडेकडेनं सोडायचं, म्हणजे ते ॲसिडवर अलगद तरंगतं. वर १ मिली अमाइल अल्कोहोल. मग रबरी स्टॉपर घट्ट बसवायचा, नळी फडक्यात गुंडाळायची आणि हलवायची. आत पांढऱ्याचं पिवळं, पिवळ्याचं तपकिरी, तपकिरीचं काळपट होत जातं, आणि नळी इतकी तापते की उघड्या हातानं धरवत नाही. ॲसिड दुधातलं प्रथिन विरघळवून टाकतं, स्निग्धांश तेवढा मोकळा राहतो. सेंट्रिफ्यूजमधून फिरवून, ६५ अंशांच्या पाण्यात उभं करून नळी डोळ्यांसमोर धरली की गळ्यात सोनेरी तुपाचा थर उभा असतो. तो मोजला की फॅट कळली.

हे सगळं मला आवडायचं. अजूनही आवडतं. रीडिंग वहीत लिहिलं की काम संपलं, अशी तिथली रीत होती, आणि त्या रीतीबद्दलच मला इथे लिहायचं आहे. माझ्या मते काम तिथे संपत नाही. त्या ओट्यावर, काहीही माहीत नसलेल्या माणसानं हात टेकवला तरी त्याला काही होणार नाही, तेव्हा ते काम संपतं.

ॲसिड सांडतं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फुटलेली बाटली येते. तसं क्वचित होतं, आणि झालंच तर सगळे धावून येतात. रोजचं सांडणं वेगळं असतं. ॲसिड मोजून ओतायच्या टिल्ट मेजरच्या तोटीतून शेवटचा अर्धा थेंब ओघळतो. बाटलीच्या मानेवरून एक रेघ खाली जाते आणि बाटलीच्या बुडाशी गोल कडं तयार होतं. गरम नळीचा स्टॉपर किंचित वर सरकतो आणि दोनचार शिंतोडे उडतात. रिकाम्या केलेल्या नळ्या स्टँडमध्ये उलट्या ठेवल्या की तोंडाशी काळपट पाणी गळतं. सकाळ-संध्याकाळच्या संकलनाला नमुन्यांची रांग लागलेली असते, कुणाला थांबून बघायला सवड नसते. मग सगळं आटोपल्यावर एकजण फडकं ओलं करतो, ओटा एका हातानं पुसून घेतो, फडकं नळावर टाकतो आणि दिवा मालवतो.

आमच्या लॅबच्या साफसफाईला एक मावशी यायच्या. सकाळी आमच्या आधी येऊन त्या फरशी आणि ओटे पुसून ठेवत. एके दिवशी त्या माझ्यासमोर पातळाचा पदर पसरून उभ्या राहिल्या.

“मॅडम, परवा नवं काढलं हुतं. काल धुतलं तर बगा, जाळी झाली.”

पोटाशी येणाऱ्या भागात बारीक भोकांचा एक आडवा पट्टा होता. ओट्याची कड जिथे टेकते, बरोबर तिथेच. मी भोकाच्या कडेला बोट लावलं तर सूत पिठासारखं सुटून आलं. हातांचं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “चुनचुनत्यात की. थंडीनं असंल.” मी म्हटलं, ओट्यावर ॲसिड असणार. तेव्हा त्यांनी जे उत्तर दिलं ते मी विसरलेले नाही.

“ॲसिड? ते तर तुमच्या बाटलीत असतंय. वट्यावर तर नुसतं पानी हुतं.”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. सल्फ्युरिक ॲसिडला रंग नाही, वास नाही. हायड्रोक्लोरिक असतं तर नाकाला झोंबलं असतं, नायट्रिक असतं तर बोट पिवळं पडलं असतं. हे गुपचूप बसतं. त्याहून वाईट म्हणजे ते वाळत नाही. हायड्रोक्लोरिकचा थेंब उघडा राहिला तर पुष्कळसा उडून जातो. सल्फ्युरिकचं उत्कलनच ३०० अंशांच्या पुढे होतं, खोलीच्या हवेत ते कुठे जाणार? उलट हवेतली ओल खेचून घेतं. रात्री वाटाण्याएवढा असलेला थेंब पावसाळ्यात सकाळी पसरून मोठा झालेला असतो आणि अगदी पाण्यासारखा दिसतो. याची उलटी बाजूही आहे. पाण्यानं पातळ झालेलं ॲसिड ओट्यावर राहिलं की त्यातलं पाणी हळूहळू उडतं आणि मागे राहतं ते पुन्हा जहाल होत जातं. कापडावर तेच होतं. शिंतोडा पडल्या दिवशी काही दिसत नाही, सूत आतून जळत राहतं, आणि पहिल्या धुण्यात भोक बाहेर येतं. म्हणून लोक साबणाला दोष देतात.

त्या दिवशी मी आमच्या जुन्या लॅब असिस्टंटना विचारलं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. डेअरी सायन्सचं त्यांचं शिक्षण नव्हतं, पण काचेच्या भांड्यांत आयुष्य गेलेलं. त्यांनी आधी मला नळावरचं फडकं दाखवलं. वाळल्यावर ते तपकिरी आणि कडक झालं होतं. अण्णांनी दोन्ही टोकांना धरून ते दुमडलं तर घडीवरच तुटलं. “ह्यानं पुसता तुम्ही रोज,” एवढंच म्हणाले. खरं तर त्या फडक्यानं आम्ही पुसत नव्हतो, एका कोपऱ्यातलं ॲसिड साऱ्या ओट्याला लावत होतो. वर पाण्याचा नळ, दाराची कडी, स्टुलाची बैठक, फडकं धरलेला हात जिथे जिथे लागेल तिथे ते जात होतं.

मग त्यांनी ओटा कसा साफ करायचा ते करून दाखवलं. पुढे मी जिथे जिथे काम केलं तिथे हेच करत आले, म्हणून सविस्तर सांगते.

हातात जाड रबरी मोजे हवेत. डॉक्टर घालतात तसले पातळ मोजे दाट सल्फ्युरिकपुढे टिकत नाहीत. उलट ते घातले म्हणून माणूस बेफिकीर होतो. डोळ्यांना गॉगल. मग खाण्याचा सोडा, कोरडाच, डागाच्या बाहेरच्या कडेनं सुरुवात करून आत आत टाकत यायचा. मधोमध ओतला तर फेस उसळतो आणि ॲसिड बाहेर ढकललं जातं. दाट ॲसिडवर आधी पाणी तर मुळीच टाकायचं नाही. ते जागच्या जागी उकळून उडतं. सोडा पडला की चरचर होते, बुडबुडे येतात, कार्बन डायऑक्साइड निघून जातो. हे बघायला छान वाटतं आणि तिथेच घात होतो, कारण फेस थांबला की ॲसिड संपलं असं वाटतं. पुष्कळदा वर सोड्याची आणि क्षाराची खपली धरलेली असते आणि तिच्याखाली ॲसिड तसंच असतं. अण्णा प्लॅस्टिकच्या पट्टीनं ती खपली मोडायचे, चार थेंब पाणी सोडायचे. पुन्हा फेस आला की पुन्हा सोडा. “फेस बोलतोय तोवर फडकं उचलायचं नाही,” हे त्यांचं वाक्य. आम्ही पोरं घाई करायचो, ते हात मागे बांधून उभे राहायचे.

डेअरीत कॉस्टिक सोडा मुबलक असतो, पाइपलाइन धुवायला लागतोच. ॲसिडला उतारा म्हणून तोच टाकावा असं नव्या माणसाला हमखास वाटतं. तो टाकू नये. दोन जहाल पदार्थ समोरासमोर आले की उष्णता भयंकर होते, आणि थोडा जरी जास्त पडला तरी ॲसिड गेलं आणि ओट्यावर कॉस्टिक राहिलं, जे कातडीला तितकंच खातं आणि डोळ्याला तर त्याहून वाईट. खाण्याच्या सोड्याचं बरं असतं. जास्त पडला तरी त्याचा पीएच साडेआठच्या आसपासच थांबतो. अर्थात हे सगळं दगडासाठी. हातावर ॲसिड उडालं तर सोडा शोधत बसायचं नाही, नळाखाली हात धरायचा आणि पंधरा-वीस मिनिटं काढायचा नाही.

आमचा ओटा कडप्प्याचा होता. जुन्या कॉलेजांतल्या आणि डेअऱ्यांतल्या कितीतरी लॅबमध्ये तोच असतो. काळा, गुळगुळीत, स्वस्त. पण कडप्पा हा मुळात चुनखडीचा दगड, म्हणजे ॲसिडचं खाद्यच. ज्यांनी अशा लॅबमध्ये प्रॅक्टिकल केलंय त्यांना ओट्यावरचे राखाडी, खरखरीत डाग आठवतील. तो डाग म्हणजे दगड खाल्ला गेल्याची खूण. तिथे बारीक खळगे पडतात, आणि पुढचं ॲसिड त्या खळग्यांत मुक्कामाला येतं. वरून पुसलेलं फडकं तिथे पोचतच नाही. म्हणून खळगे असतील तिथे सोड्याचं पातळ पाणी ओतून मुरू द्यायचं, मग ब्रशनं घासायचं. टाइल असेल तर टाइलला काही होत नाही, मधली सिमेंटची सांध खाल्ली जाते. ग्रॅनाइट सगळ्यांत बरा. नवीन लॅब बांधणारे लाख रुपयांची यंत्रं घेतात आणि ओट्याला मात्र उरलेला दगड लावतात, याचा मला मनापासून राग येतो.

एवढं झाल्यावर स्वच्छ पाण्यानं दोनदा पुसायचं, आणि मग पीएच पेपर. दगडावर थेंबभर पाणी टाकून पट्टी टेकवायची. एकाच जागी नाही, जिथे बाटली ठेवली जाते तिथे, ओट्याच्या पुढच्या कडेवर, कडेच्या खालच्या बाजूला, जिथे थेंब लोंबत राहतो. सोबत नुसत्या पाण्याचीही एक पट्टी बघायची. आमच्या भागातलं बोअरचं पाणी आठच्या वर जायचं, आणि उघडं राहिलेलं डिस्टिल्ड वॉटर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सहाच्या खाली उतरतं. हे ठाऊक नसेल तर माणूस एक तर उगाच घाबरतो, नाही तर उगाच निश्चिंत होतो.

सोड्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी डेअरीतच कळते. दूध नासायला आलं की काहीजण त्यात सोडा टाकतात, आंबटपणा लपवायला. तो पकडण्यासाठी आम्ही रोझॅलिक ॲसिडची चाचणी करतो. दुधात सोडा असेल तर गुलाबी-लाल रंग येतो. आता विचार करा, ओटा साफ करताना उडालेला सोडा नमुन्याच्या बाटलीत गेला तर? एखाद्या प्रामाणिक शेतकऱ्याचं दूध भेसळीचं ठरेल. त्याचा दिवस जाईल आणि गावात नाव जाईल ते वेगळंच. म्हणून अण्णांचा सोड्याचा डबा नमुन्यांच्या टेबलाकडे कधी फिरकला नाही, आणि शेवटचं नुसत्या पाण्याचं पुसणं त्यांनी कधी चुकवलं नाही. एका माणसाला वाचवताना दुसऱ्याचं नुकसान होऊ नये, इतकी काळजी मी फार थोड्या शिकलेल्या माणसांत पाहिली आहे.

पुढे मी पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये गेले. तिथे कळलं की सोडा प्रत्येक दुखण्याचं औषध नाही. सांडपाण्याचा सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, काढताना सल्फ्युरिक ॲसिडासोबत पोटॅशियम डायक्रोमेट असतं, मर्क्युरिक सल्फेट असतं. नारिंगी थेंब ओट्यावर पडला, सोडा टाकला, पट्टी सात दाखवते. ॲसिड गेलं. क्रोमियम आणि पारा तिथेच आहेत, आणि पट्टीला ते दिसत नाहीत. त्या नारिंगी थेंबाला आधी फेरस अमोनियम सल्फेटनं हिरवं करायचं, म्हणजे कॅन्सरकारक क्रोमियम कमी घातक रूपात येतं, मग सोडा, मग टिपून घेतलेलं सगळं वेगळ्या डब्यात. तो डबा बेसिनमध्ये रिकामा करायचा नसतो. घातक कचरा म्हणून तळोजा किंवा रांजणगावसारख्या ठिकाणी जायचा असतो. नायट्रिकची तऱ्हा आणखी वेगळी. ते कागदानं, कापसानं किंवा लाकडाच्या भुशानं टिपलं आणि बोळा डस्टबिनमध्ये टाकला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. स्पिरिटनं ओटा पुसायची सवय असलेल्या माणसानं तर नायट्रिकच्या डागावर स्पिरिट नेऊच नये. आणि हायड्रोफ्लुओरिक जिथे वापरतात तिथे सोड्यापेक्षा चुना जवळ हवा, कारण त्यातलं फ्लोराइड कॅल्शियमनंच अडकतं. हे ॲसिड लागल्यावर कधीकधी काही तास दुखतसुद्धा नाही आणि तोवर ते हाडापर्यंत गेलेलं असतं. म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय त्याची बाटली उघडायची नाही.

२०१३ साली ॲसिड हल्ला सोसलेल्या लक्ष्मी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ॲसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले. प्रयोगशाळा, कॉलेजं, रुग्णालयं यांनी वापराचं रजिस्टर ठेवायचं, त्याला एक जबाबदार माणूस नेमायचा, हेही त्याच आदेशात आहे. ते अगदी योग्य झालं. आमच्याकडेही रजिस्टर आलं, कपाटाला कुलूप आलं, बाटलीगणिक सह्या आल्या. तपासणीला येणारे ते रजिस्टर उघडून बघतात, शिल्लक जुळवतात. ओट्यावर पट्टी टेकवून बघणारा अधिकारी मला अजून भेटायचा आहे. बाटलीतून बाहेर पडलेलं ॲसिड कागदावर खर्ची पडलेलं असतं, पण त्यातलं थोडं लॅबमध्येच असतं.

मावशींचं काय झालं, तर अण्णांनी त्यांना आमच्यासारखंच शिकवलं. कोणती बाटली कशाची, कुठल्या ओट्याला आधी सोडा, पट्टी कोणत्या रंगाची आली तर थांबायचं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रंग ओळखता येत होते, आणि पट्टीला तेवढंच लागतं. काही दिवसांनी परिस्थिती उलटली. सकाळी मी आत पाय टाकते तर मावशी सेंट्रिफ्यूजजवळ पट्टी धरून उभ्या, पट्टी लालभडक. “रात्रीच्या शिफ्टला कोन हुतं?” असा त्यांचा खडा सवाल. रात्रीच्या शिफ्टच्या मुलांना त्यांचा धाक बसला. वरिष्ठांपैकी कुणाचा बसला नव्हता तेवढा. फडकंही बदललं; दाट ॲसिडाच्या ओट्यासाठीचं वेगळं, वापरून झालं की सोड्याच्या पाण्यात बुडवून टाकून द्यायचं, दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. खर्च म्हणाल तर सोड्याचं पाकीट आणि पट्ट्यांची पुस्तिका, एवढाच.

शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळा, डेअऱ्या, साखर कारखाने, सोन्या-चांदीची गलाई करणारी दुकानं, जिथे जिथे ॲसिडाची बाटली उघडली जाते तिथल्या प्रमुखांना माझी हात जोडून विनंती आहे. साफसफाईला येणाऱ्या बाईला किंवा माणसाला आजच जवळ बसवा, तुमच्या ओट्यावर काय काय पडतं ते त्यांच्या भाषेत सांगा आणि पीएच पेपरची एक पुस्तिका त्यांच्या स्वतःच्या हातात द्या. आणि पट्टी लाल आली म्हणून त्यांनी ओट्याला हात लावायला नकार दिला, तर त्यांना कुणीही बोल लावू नका; ज्यानं ॲसिड सांडलं त्याला बोलवा आणि ओटा त्याच्याकडून साफ करून घ्या.